आबांचा नारळ

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, म्हणून गोठ्यात बसून लिहिते आहे. नाव छापू नका.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आणि माझे सासरे तर पाणाडे! तळहातावर नारळ आडवा ठेवून आबा लोकांच्या रानातून चालायचे. जिथे नारळ आपोआप शेंडी वर करून उभा राहील, तिथे पाणी. मला वाटायचं, मनगटाची करामत आहे. पदराआड हसायचे.

आमच्या स्वतःच्या रानात मात्र तो कधी उभा राहिला नाही. तरी मालकांनी हट्टाने खोल बोअर घेतलं. नुसता फुफाटा निघाला. आबा गेल्यावर सासूबाईंनी तो नारळ आपल्या उशाशी, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. नंतर त्यांचं अर्धं अंग गेलं, वाचा गेली. त्या भिंतीखालीच पडून असतात.

आमचं गाव घोडेगावच्या जवळ. रस्त्यापलीकडे एक कंपनी आली. त्यांचा साहेब मालकांना म्हणाला, "तुमचं बोअर नुसतंच पडलंय. भाड्याने द्या, आमचं वापरलेलं पाणी जिरवतो." मालकांनी पैसे घेतले, मोटरसायकल आणली. मला एका शब्दाने विचारलं नाही. टँकर यायला लागले. बोअरच्या तोंडावर मशीन बसलं आणि काळं, आंबूस वासाचं पाणी जोर लावून खाली ढकलायला लागले.

एका दुपारी मी सासूबाईंना भरवत होते. कोनाड्यातला नारळ हलला... आणि उभा राहिला. कुणाचा हात नाही, वारा नाही. घास माझ्या हातातच राहिला. मी हाक मारली तसे मालक धावत आले आणि नाचायलाच लागले.

"आगं, आबाचं पानी आलं! म्हनत हुतो ना मी, बोअरला पानी लागनार!"

जाऊबाई हळदकुंकू घेऊन आल्या. बोअरवर पूजा झाली, गूळ वाटला. अजून उदबत्ती जळत होती, तोच जमिनीखालून गुडगुडलं. घरातली भांडी धडाधड खाली आली.

मग तसंच होत राहिलं. नारळ उभा राहायचा, पाठोपाठ जमीन हादरायची. शेजारच्या विहिरीचं पाणी काळं पडलं. सासूबाईंच्या डोक्यावरच भिंतीला फट गेली. साहेब आमच्याच ओसरीवर आमचाच चहा पीत म्हणाला, "वहिनी, भूकंप एवढासा असतो होय? ट्रक गेला असेल रस्त्याने."

मी पदर ओढून आत गेले. 

मालकांना म्हटलं, "पैसं परत करा. मशीन काढायला लावा."

"नारळाचं ऐकून पैसं परत देऊ? लोक तोंडात श्यान घालतील."

"पूजा करताना बरं ऐकलं नारळाचं!"

लग्न झाल्यापासून मी यांना पहिल्यांदा उलट बोलले. ते उठून पारावर गेले.

पोळा झाला आणि नंतर एकदा सकाळी नारळ उभा राहिला तो गरगर फिरायलाच लागला. सासूबाईंनी चांगल्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. डोळे भिंतीकडे. मी गोधडीसकट त्यांना ओढत ओसरीवर आणलं.

"आगं ये भवाने, म्हातारीला मारती का काय!" जाऊबाई ओरडल्या.

...आणि भिंत आत कोसळली. बरोबर सासूबाईंच्या अंथरुणाच्या जागी.

मालक ढिगाऱ्यातली माती उपसायला लागले. मग एवढंच म्हणाले, "नारळ शोध." तो अख्खा सापडला. साहेबाचे पैसे परत करायला पुढच्या बाजाराला घोडेगावात आमची दुभती म्हैस विकली. मोटरसायकलही गेली.

नारळ का उभा राहायचा, ते मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर सांगावं. आमच्या बोअरवरचं मशीन निघाल्यापासून तो सासूबाईंच्या उशाशी आडवा पडून आहे. पण पलीकडच्या शिवारात टँकर अजून जातात. तिथेही भिंती आहेत, भिंतींखाली माणसं झोपतात. म्हणून हे लिहिलं.

कंपनीत पैसे परत द्यायला गेलो तेव्हा नारळ माझ्या ओटीत होता. साहेब कागद सरकवत म्हणाला, "काय वहिनी, कसा काय उभा राहतो हो तुमचा नारळ? आम्हालाही शिकवा की." त्याची माणसं फिदीफिदी हसली.

डोक्यावरचा पदर घसरला, तो मी सावरला नाही.

"कसा ऱ्हातो ते मला न्हाई माहीत. तुमी खाली काय वतता ते तर तुमाला माहीत हाय ना? ते सांगा."

 मालकांनी पिशवी टेबलावर उपडी केली. साहेबाने मान खाली घालून पैसे मोजून घेतले. सगळे फिटले. रुपयासुद्धा बाकी नाही.