बाईंना बाहेर पाठवणारा मिस्त्री

बेचाळिसाव्या वर्षी तिने शिवणयंत्र सोडून गाड्यांना अलार्म बसवायला शिकायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. गणवेश शिवायचा कारखाना बंद पडला होता आणि अलार्मच्या दुकानाला नीट हाताचा माणूस हवा होता. मालकाने तिला मिस्त्रीच्या हाताखाली दिलं.

महिनाभरात ती बरंच शिकली. डॅशबोर्डखालचं झाकण ओरखडा न पाडता कसं काढायचं, आत पाणी साचू नये म्हणून सायरनचं तोंड खाली कसं ठेवायचं, टेप ताणून कशी गुंडाळायची. पण एक गोष्ट तिला खुपायला लागली. गाडीच्या तारांच्या जुडग्यातून नेमकी तार निवडायची वेळ आली, की मिस्त्री तिला हटकून बाहेर पिटाळायचा.

"बाई, जरा टेप आणा."

"टेप इथंच आहे, मिस्त्री."

"मग दुसरी आणा."

ती परत येईपर्यंत जोडणी झालेली असायची आणि मिस्त्री एक छोटी वही खिशात सरकवत असायचा.

नणंदेने हे ऐकलं आणि तिचे कान टवकारले. "वहिनी, अलार्म कुठून बंद पाडायचा ते त्या एकट्याच्या वहीत. उद्या एखादी गाडी गेली, तर तुझीही चौकशी होईल."

आणि खरंच गेली. त्यांनीच अलार्म बसवलेली, दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी भरदुपारी दवाखान्यासमोरून नाहीशी झाली. सायरन वाजलाच नाही. बातमी ऐकून मिस्त्रीचा चेहरा उतरला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी टेप आणायला म्हणून ती निघाली आणि उघड्या बॉनेटमागे थांबली. फटीतून तिला दिसलं : मिस्त्री टेस्ट लॅम्पची सुई एकेका तारेला टोचत होता, दिवा लागतो का बघत होता आणि वहीत लिहीत होता.

ती सरळ गाडीच्या दारापाशी आली. "काय लिहिता त्यात?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"डॉक्टरीणबाईंची गाडीही आहे ना त्यात?"

मिस्त्रीने सुई खाली ठेवली. मग त्याने वही तिच्या हातात दिली. 'डावीकडून तिसरी. किल्ली फिरवली की दिवा लागतो.' पानामागून पान असंच. जिथे सगळे रंगावरून तार ओळखतात त्या धंद्यात याच्या वहीत एकही रंग नव्हता.

त्याने दोन तारा पुढे केल्या. "यातली हिरवी कुठली?"

"ही. दुसरी तपकिरी आहे."

"मला दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्यापासून. मालकाला कळलं तर गाडीला हात लावू देणार नाही. डॉक्टरीणबाईंच्या गाडीतही माझ्याच हातून तार चुकली असेल, असं वाटलं."

तिचा लगेच विश्वास बसला नाही. सोंगही असेल. दुपारी तारांच्या तुकड्यांच्या डब्याकडे बोट दाखवून ती सहज म्हणाली, "मिस्त्री, हिरवा तुकडा द्या बरं." त्याने खूप निरखून तपकिरी दिला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गाडी त्यांच्याच लेकीने दुसऱ्या रिमोटने उघडून नेली होती आणि मैत्रिणीकडे ठेवून ती सहलीला गेली होती.

आता संशय घ्यायची पाळी मिस्त्रीची होती. ती मालकाशी बोलताना दिसली, की तो हातातलं काम टाकून जवळ यायचा. "काय बोलत होतात?"

"सुट्टीचं."

त्याला ते पटायचं नाही. तिच्याशी तो तुटक वागायला लागला.

एकदा नव्या बनावटीची गाडी आली. मालक तारांचा तक्ता घेऊन स्वतः दारात उभा राहिला. "मिस्त्री, हिरवी धर."

मिस्त्रीचा हात जुडग्यावर अडला.

"मला करू द्या," ती खाली वाकत म्हणाली. "नुसतं बघून किती दिवस शिकणार?" तिने हिरवी तार धरली, पण जोडायच्या आधी सुई टोचली. मिस्त्रीने किल्ली फिरवली. दिवा लागला नाही.

"तक्त्यात तर हीच आहे," मालक म्हणाला.

"तक्ता दुसऱ्या सालचा असेल," मिस्त्री म्हणाला. "बाई, शेजारची बघा."

शेजारची तपकिरी होती. दिवा लागला. मालक तक्त्याची घडी घालत आत गेला.

मिस्त्रीने पकड तिच्या हातात दिली. "जोडा. मी बघतो."

त्यानंतर तार निवडताना दोघंही गाडीत असतात. ती हळू आवाजात रंग सांगते, तो दिव्यावर खात्री करून घेतो. मालकाला वाटतं, मिस्त्री बाईंना शिकवतोय. तेही खोटं नाही.