झुनूच्या नावाची मूठ

शेजारून कानबाईच्या रोटाचा खरपूस वास आला आणि नव्वदच्या दशकातली सुरतेतल्या गोडादऱ्याची आमची खोली आठवली.

आमची चाळ अर्धी खानदेशी, अर्धी ओडिया. माणसं कापडाच्या लूमवर शेजारी-शेजारी राबायची, पण एकमेकांच्या घरचं पाणी पीत नसत. समोरच्या ओडिया कामगाराची लेक झुनू आई-बापाविना उरली, तेव्हापासून माझी बायको तिला जेवू घालायची, पण उंबऱ्याबाहेर.

कानबाई देवीच्या नैवेद्याचा रोट तर फक्त घरच्यांनीच खायचा. त्यासाठी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मूठभर गहू घेतात. त्या वर्षी बायकोने एक मूठ जास्त टाकली.

"ही मूठ कोनी?" मी विचारलं.

"झुनूनी."

"परकी पोर शे ती. काढ तिना गहू."

तिने एकत्र मिसळलेल्या गव्हाचं सूप माझ्यापुढे सरकवलं. "मिसयनात आते. तिना कोनता, तुम्हीच येची दखाडा."

दाराबाहेरून झुनूने हळूच विचारलं, "काकी, मेरा भी है इसमें?"

"शे ना माय. मझार ये, गहू निवडाले बस."

ती आत आली, बायकोला खेटून बसली.

त्या पोरीला मी घरात घेतलं, असं लोक आजवर सांगतात. मी फक्त गप्प बसलो होतो.