भैरूच्या जीपचं वाकडं स्टेअरिंग

हैबतराव आप्पांची जीप चालवायची ती भैरूनंच, हे कोळवणच्या सगळ्या खोऱ्यानं धरून ठेवलं होतं. लढाईच्या काळात खडकीला मिलिटरीच्या लॉऱ्यांवर त्याचा हात बसला. पुढं हैबतरावांनी मिलिटरीचीच एक जुनी जीप घेतली आणि तिच्याबरोबर सौद्यात मिळाल्यासारखा भैरूही त्यांच्याकडं आला. अडलेली बाळंतीण पौडाला न्यायची, हाक भैरूला. नवरानवरी देवाला जायची, हाक भैरूला. नावावर जमिनीचा तुकडा नसलेल्या माणसाला गाव 'भैरूदा' म्हणत होतं ते त्या जीपमुळं, आणि हे भैरूइतकं नीट कुणालाच ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षापासून त्याला सगळं ताकातून बघितल्यासारखं दिसत होतं. रस्ता पाठ होता म्हणून निभत होतं. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोला, गोजराबाईलाही नाही.

नवरात्रातल्या अष्टमीला पौडाहून झेंडू घेऊन येताना जीप मोरीच्या दगडावर आदळली. दगड काही नवा नव्हता. भैरूला ती सावली वाटली होती. गाडी चालत होती, दिवे शाबूत होते. पण सरळ रस्त्यालाही स्टेअरिंग एका अंगाला कलून राहू लागलं. हैबतराव सुनेला आणि नातवंडांना घेऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एस.टी.नं पुण्याहून यायचे होते. ते बघताच विचारणार, कशाला धडकवलीस? आणि मग, दिसलं नाही का?

नवमीला सकाळीच तो हळूहळू पौडाला कुशाबा मिस्त्रीकडं गेला.

"भैरूदा, ही जीप हाय का रुसलेला जावई?" कुशाबा हसला. "मान फिरवून बसलीया." मग खाली वाकून त्यानं बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "खालचा दांडा वाकलाय. काढून, तापवून सरळ करावा लागंल. पर आज न्हाई."

"आज का न्हाई?"

"आज खंडेनवमी. हत्यारं पुजून बसवलीत. उद्या सोनं लुटून येस्तवर पान्याला हात लावायचा न्हाई. आज्यानं कदी लावला न्हाई, बानं न्हाई, मी बी न्हाई."

भैरू घुटमळला. "नुसतं दिसाया सरळ व्हईल का?"

"व्हईल की. पुढची चाकं सरळ उभी कर, नट सोड, ष्टेरिंग वर उपट आन् दोन दातं फिरवून परत बसव. पर ते टोपी सरळ केल्यावाणी. मान वाकडी ती वाकडीच. एका अंगाला गाडी पुरती वळायची न्हाई. लेकरंबाळं घिऊन नगं जाऊ बाबा."

घरी गोजराबाईनं कोयता, विळा, खुरपं आणि भैरूचा पाना पाटावर मांडून पुजला होता. भैरूनं पाटाकडं हात घातला.

"अवं, पुजलेलं हाय ते!"

"आप्पा यायचेत सांजच्याला."

"येऊ द्या की. धडकली म्हणून सांगा. गाडी हाय, धडकायचीच."

त्याचा हात कोयत्याच्या धारेवरून फिरत पाना चाचपत होता. गोजराबाईनं तो हात बघितला. तिनं पान्यावरची फुलं काढली, नमस्कार केला आणि पाना त्याच्या हातात दिला.

हॉर्नचं बटण त्यानं सवयीनं काढलं, नट सोडला. गुडघे खालून लावून तो स्टेअरिंग वर ओढत राहिला आणि गोजराबाई मधल्या दांड्यावर लाकडाची ढलपी धरून ठोकत राहिली. एकदाचं ते निघालं.

"दांड्यावरची जुनी खूण बघ गं, कुटं हाय? तितनं दोन दातं मोजायचीत."

खूण त्याच्या नाकासमोर होती, लख्ख उन्हात. गोजराबाई खुणेकडं बघायची सोडून त्याच्याकडंच बघत राहिली.

"तुमाला दिसत न्हाई?"

"ऊन डोळ्यावर येतंय."

ऊन त्याच्या पाठीला होतं. त्याचं बोट धरून तिनं खुणेवर ठेवलं. तिथून दोन दातं चाचपून त्यानं स्टेअरिंग बसवलं, नट आवळला.

"सरळ हाय का?"

"हाय."

दसऱ्याला हैबतरावांनी जीपभोवती चक्कर मारली. "भैरू, नवरीवाणी नटवलीस की!" भैरूचा जीव भांड्यात पडला. गावाच्या शिवेवर सोनं लुटायला दरसाल गल्लीतली पोरं जीपमधूनच जात. ती आरडाओरडा करत मागं चढली. हैबतरावांची सून लीलाबाई धाकट्याला मांडीवर घेऊन पुढं बसली. शिवेची वाट ओढ्याच्या कडेनं वळणावळणाची. भैरूनं गाडी सुरू केली.

ओवाळायला आलेल्या गोजराबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"आप्पा, लेकरं उतरवा."

"का गं?"

"ह्यांना दिसत न्हाई."

"काय बडबडतीस!" भैरू ओरडला. "सणाचं कायबी?"

हैबतरावांनी गाडी बंद करायला लावली. ते पुढं येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"भैरू, माझ्या हातात काय हाय?"

भैरूनं डोळे बारीक केले. सण दसऱ्याचा, गाडीची पूजा नुकती झालेली.

"नारळ, आप्पा."

मागची पोरं खिदळली. हात रिकामा होता. मोठी माणसं हसली नाहीत हे कळल्यावर पोरंही गप्प झाली. लीलाबाई धाकट्याला छातीशी धरून उतरली. एकेक करून पोरं उतरली.

"कवापास्नं?" हैबतरावांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, त्यानंच भैरू जास्त खचला. त्यानं किल्ली पुढं केली. ती घ्यायला आप्पांना दोन पावलं बाजूला सरकावं लागलं.

घराकडं जाताना तो बांधावरून पुढं चालत होता. गोजराबाईनं हात धरला तो त्यानं झटकला.

"इतक्या मान्सांत सांगितलंस."

"घरात सांगितलं असतं तर आयकलं असतं का तुमी?"

तो तसाच पुढं गेला. दोन्ही अंगांना भात निसवलं होतं, वाऱ्यानं सळसळत होतं. ओढ्यापाशी मात्र त्याला थांबावं लागलं. पाण्यातले दगड रोजचेच, आजवर तो त्यांवरून नुसत्या सवयीनं उड्या टाकत गेला होता. आज पाय उचलेना. गोजराबाई मागं उभी राहिली, तिनं घाई केली नाही.

बऱ्याच वेळानं, मान न वळवता, त्यानं विचारलं, "कुटं पाय ठिऊ?"