सखूमावशी ‘न्हाई’ म्हणाल्या होत्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. लातुरात इंग्रजीचा क्लास चालवताना बडबड करण्यात जन्म गेला — पण ही गोष्ट ओठांवर आली की मी विषय बदलायचो. आज बदलणार नाही. घाबरत-घाबरत नाही, सरळ सांगणार.

युर्गनचं नाव तुम्ही ऐकलेलं नसेल. तिकडं जर्मनीत, नाचगाण्याच्या क्लबांत जाणाऱ्याला विचारा — लगेच सांगेल. हाऊस आणि फंक या संगीतातला तो मोठा निर्माता. हाऊस म्हणजे काय? एका लयीत न थांबता चालणारा ढोल, धप्-धप्-धप्. त्यावर फंकच्या, जाड आवाजाच्या बेस गिटारच्या उड्या. ते गिटार तो स्वतः वाजवतो, आणि लई भारी वाजवतो. त्याचं सगळं करिअर एका गाण्यावर उभं राहिलं. त्या गाण्यात मराठी बाईचा आवाज आहे. आणि तो आवाज — थांबा, आधी भूकंपाचं सांगतो.

मी भोकरचा. लातूरकडं भूकंप झाला तेव्हा नांदेडला बी.ए.ला होतो. कॉलेजची तुकडी मदतीला गेली, तिच्यात मीही. इंग्रजी बरं म्हणून परदेशी पाहुण्यांचा दुभाषा झालो. युर्गन त्यांच्यातलाच — माझ्याच वयाचा, उंचच उंच, उन्हानं लालबुंद झालेला. दिवसभर पत्र्याचे शेड उभारायचा आणि गळ्यात एक छोटा टेपरेकॉर्डर अडकवून फिरायचा. गावी एका बँडमध्ये वाजवायचा म्हणे.

एका दुपारी शेडच्या पलीकडून अंगाईचा आवाज आला. घर पडून शेडमध्ये राहायला आलेल्या सखूमावशी शेजारणीचं बाळ थोपटत होत्या, पण गाण्यात नाव स्वतःच्या लेकीचं होतं. मुक्ता. ती भूकंपात भिंतीखाली गेली होती. ‘नीज गं मुक्ते, मुक्ते गं’ — एवढंच, पुन्हा पुन्हा. युर्गन पत्र्याला टेकून उभा राहिला आणि त्यानं ते सगळं टिपून घेतलं. मग मला म्हणाला, त्यांना विचार, हे मी माझ्या संगीतात वापरू का? नको म्हणाल्या तर आत्ता पुसतो.

विचारलं त्यानं. हे लक्षात ठेवा — त्यानं विचारलं होतं.

मी मावशींना विचारलं. त्या बाळाकडं बघतच म्हणाल्या, “न्हाई रे बाबा. ते माझ्या मुक्तीचं हाय. लोकांपुढं वाजवू नगं म्हनावं. पुसून टाक म्हनावं त्याला.”

युर्गन माझ्या तोंडाकडं बघत होता. डोळ्यांत केवढी आशा! आणि मी — त्या वेळी माझ्या मनात काय होतं? दया? छे. त्याला आपण आवडावं, एवढंच होतं. मी म्हणालो, त्या हो म्हणतात. पुढं माझ्याच पदरचं एक सुंदर इंग्रजी वाक्य जोडलं: माझ्या लेकीचं नाव जगभर फिरू दे, असं म्हणतात. युर्गन रडला. त्यानं मावशींना हात जोडले. टेप पुसली असं समजून त्यांनीही मान हलवली.

तो परत गेला. दिवसा बेकरीत काम, उरलेल्या वेळात तळघरात संगीत. त्या अंगाईखाली त्यानं ढोल घातला, बेस घातला आणि ‘मुक्ते, मुक्ते’ फिरत ठेवलं. रेकॉर्ड निघाली आणि वाऱ्यासारखी पसरली. बेकरी सुटली, स्वतःचा स्टुडिओ झाला, मोठमोठे गायक त्याच्या दारी आले. हजारो पोरंपोरी हात वर करून एका मेलेल्या लेकराचं नाव ओरडत नाचू लागली. माझं ते वाक्य रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलं गेलं. प्रत्येक मुलाखतीत तो ते सांगायचा. मला कात्रणं पाठवायचा, कॅसेट पाठवायचा. बी.ए. करून मी लातुरात क्लास काढला होता; तिथं ती वाजवायचो. पोरांना कॅसेट करून द्यायचो. मिरवायचो हो, सरळ सांगतो.

तोवर लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. गल्लोगल्ली होस्टेल, मेस. मग एका उन्हाळ्यात युर्गन आला. त्या आईला भेटायचंच म्हणाला. मी चौकशी केली, तर सखूमावशी माझ्या क्लासच्या मागच्याच गल्लीत पोरांचे डबे करून राहिल्या होत्या.

आम्ही गेलो. मावशी भाकरी थापत होत्या. त्यांनी युर्गनला ओळखलं आणि हात थांबवला.

“माझ्या मेसची पोरं टेपवर लावत्यात,” त्या मला म्हणाल्या. “माझा आवाज. मुक्तीचं नाव. वर ढोल बडवलाय. मी तर न्हाई म्हनले व्हते. तू सांगितलास का न्हाई त्याला?”

खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, “सांगितलं होतं मावशी. त्यानं ऐकलं नाही.”

त्यांनी युर्गनकडं पाहिलं. तो वाकला, त्यांच्या पायांकडं हात नेला. त्यांनी पाय मागं घेतले. “जाय म्हनावं त्याला,” म्हणाल्या, आणि तव्याकडं वळल्या. काय झालं, त्यानं गोंधळून विचारलं. मी म्हणालो, लेकीची आठवण झाली, त्यांना एकटं राहायचंय. त्या पाठमोऱ्या बाईला तो किती तरी वेळ हात जोडून उभा होता.

म्हणजे बघा — एकाला वाटतं आशीर्वाद मिळाला, दुसरीला वाटतं चोरी झाली. दोघांशीही बोलू शकणारा मी एकटा. पुढं कितीदा त्या गल्लीतून गेलो. मावशी दिसायच्या. मी स्कूटर हळू केली नाही.

गेल्या वर्षी मावशी वारल्या. मी युर्गनला फोनवर संदेश पाठवला. त्याचं उत्तर आलं: आता माझा प्रत्येक कार्यक्रम त्यांच्या आठवणीत, त्याच गाण्यानं संपेल. त्यांना चालेल ना?

मी लिहिलं — त्यांना फार आवडलं असतं.