देव मानता का?

फ्रीमेसन या गुप्त बंधुमंडळाच्या हॉलला हैदराबादेकडची जुनी माणसं जादूघर म्हणायची. आत काय चालतं ते बाहेर कळायचं नाही, म्हणून. माझ्या बाबांना त्या जादूघरात जायचं होतं. तेलुगू मुलखातल्या गुडीहत्नूरच्या एका मराठी मास्तराला हे वेड लावलं आमच्या डॉक्टरांनी.

डॉक्टर तेलुगू. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या बायाबापड्यांकडून आमची बोली शिकले आणि रविवारी आमच्याकडे भाकरी खायला येऊ लागले. ते स्वतः मेसन होते. सांगायचे, तिथे कलेक्टर आणि कारकून एका टेबलावर जेवतात, एकमेकांना भाऊ म्हणतात. जात कोणी विचारत नाही, बघतात ते फक्त चालचलन. कचेरीतला हा उर्दू शब्द ते फार चवीने उच्चारायचे. मेसन म्हणजे गवंडी; काटकोन तपासायचा गवंड्याचा गुण्या ही त्यांची खूण, म्हणजे वागणं काटकोनात हवं. आई म्हणाली, "मास्तरकी सोडून आता गवंडीकाम कराचं हाय काय?" बाबा हसले, पण त्यांचं मन तिकडे लागलं ते लागलंच. लहानपणी ज्यांच्या कापसात राबले, त्यांच्या ओसरीवर त्यांना कधी बसता आलं नव्हतं.

आत घेण्याआधी मेसन मंडळी माणसाच्या घरी येऊन त्याची पारख करतात. डॉक्टरांसोबत दोन वयस्कर गृहस्थ आले. मी तेव्हा नुकतीच मास्तरीण झाले होते, पोहे मीच केले. दारू, कोर्टकचेरी, घरातलं वागणं, सगळं हिंदीत विचारून झालं. बाबांना कशाचंच उत्तर अडलं नाही. गृहस्थ खूश. उठता उठता एकाने सहज विचारलं, "ईश्वर को मानते हैं ना?"

"नहीं," बाबा म्हणाले.

आम्ही बौद्ध. दीक्षा घेतली तेव्हाच बाबांनी देव सोडले होते. त्या मंडळींना धर्म कोणताही चालतो, पण कुठला तरी देव मानावाच लागतो, हे डॉक्टर आम्हाला सांगायलाच विसरले होते. ते घाईघाईने म्हणाले, "बुद्ध म्हना ना गुरुजी, चालते."

"बुद्ध देव नाई, डॉक्टरसाब. हेच तर मी जलमभर सांगून राह्यलो."

गृहस्थांनी हात जोडले आणि गेले. मला बाबांचा भयंकर राग आला. एक 'हां' म्हणायला काय जात होतं?

डॉक्टर समजूत घालायला मागे थांबले. "मन लहान करू नका गुरुजी. मी तरी कुठं मानतो? माझ्या वेळी मी हो म्हनून टाकलं."

बाबा म्हणाले, "मंग तुमी खोटं बोलून आत गेले?"

डॉक्टर चहा न घेताच उठले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. आईने बोलावणं पाठवायचं सुचवलं, तर बाबा म्हणाले, "काय बोलू मी त्याइच्याशी?" जादूघर हुकलं त्याचं मला आज काहीच वाटत नाही. बाबांचं खरेपणही मला मान्य आहे. पण आमच्या चुलीजवळ मांडी घालून जेवणारा गावातला तो एकच परजातीचा माणूस होता, आणि तो गेला याची हळहळ अजून जात नाही.

काही महिन्यांनी डॉक्टरांची बदली झाली. ते निरोप घ्यायला आले. बाबांनी दारातच नमस्कार केला. आत या म्हणाले नाहीत.