आकारामचा अंगठा

पेठ वडगावातून हातकणंगल्याकडे निघालं की उजव्या हाताला आकाराम चौगुलेचं पंक्चरचं दुकान लागतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक कॉम्प्रेसर आणि पाण्याचं घमेलं. पाटी नाही, आणि लागतही नाही. मातीवरच्या मोटरसायकल शर्यतींचा नाद असलेला जिल्ह्यातला प्रत्येक माणूस हे दुकान ओळखतो. शर्यतीच्या आधी टायर इथं आणायचा. आकाराम त्यावर अंगठा दाबणार, डोळे अर्धवट मिटणार आणि सांगणार, "कडक हाय. तिसऱ्या फेरीत घसरतंय." आणि तो टायर तिसऱ्या फेरीत घसरायचाच. म्हशीची पारख असणारे आमच्याकडे गल्लोगल्ली सापडतील, टायरची पारख असणारा हा एकच.

टायरला औषध लावायची विद्याही त्याचीच. औषध म्हणजे थिनर आणि आणखी दोन-तीन उग्र वासाचे डबे. कशात किती, ते तो कुणाला सांगत नसे आणि इथंही लिहायचं कारण नाही. बटणाच्या, म्हणजे रबराच्या उंच गुठळ्या असलेल्या, टायरला ते फडक्यानं चोळायचं, वर प्लास्टिक गुंडाळायचं, ऊन दाखवायचं, पुन्हा चोळायचं. रबर मऊ पडतं आणि वळणावर मातीला धरून राहतं. मेलेला टायर चार दिवसांत तरणाताठा होतो. अडचण एकच, थांबायचं कधी? जास्त झालं तर बटणं तुटून पडतात आणि चालवणारा तोंडावर. थांबायची वेळ कळते ती उघड्या बोटांना. म्हणून शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला आकाराम पहिल्याच दिवशी बजावायचा, "हातमोजं घालायचं न्हाईत. मोजं घातलं की टायर कळत न्हाय."

दुसऱ्याला नियम सांगून स्वतः मोजे घालणाऱ्यातला तो नव्हता. चौदा वर्षं त्यानं कोपरापर्यंत उघडे हात त्या औषधात घातले.

आधी वास गेला. फोडणी जळली तरी त्याला कळेना. मग सकाळी उठल्यावर बोटांना मुंग्या यायला लागल्या. पुढं त्या यायच्या बंद झाल्या, तेव्हा गडी खूश झाला, की चला, बरं वाटलं. बरं कसलं वाटतंय? मुंग्यांबरोबर बाकीचंही सगळं गेलं होतं. चहाचा कप गरम आहे की गार ते ओठाला लावल्यावर कळायचं. पायातली चप्पल रस्त्यात निसटली तरी तो एका पायानं अनवाणी दुकानापर्यंत यायचा आणि लोक हसायचे. बायकोनं, अक्काताईनं, एकदा त्याला शर्टाच्या गुंड्यांशी झटापट करताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून गुंड्या तीच लावायला लागली, आणि त्यानंही छाती पुढं करून उभं राहायची सवय करून घेतली.

कोल्हापूरच्या डॉक्टरनं बोटांना टाचणी टोचून पाहिली. टायरच्या औषधानं शिरा मेल्यात म्हणाला, आता तरी हात लावू नका, गेलं ते परत येईल असं धरून चालू नका. आकारामनं घरी येऊन सांगितलं, "पित्त हाय म्हणालं." अक्काताईनं बरं म्हटलं आणि भाकरी थापायला घेतली. खरं तर त्या दिवशी माणसानं हादरून जायला पाहिजे होतं. आकारामनं हादरायची वाट पाहिली, तसं काही झालं नाही. आतूनही तो तसाच झाला होता, जाड.

अंगठा मात्र त्यानं सोडला नाही. टायरवर दाबायचा आणि नखाचा वण किती खोल उठतो, किती वेळात भरतो ते बघायचं. पूर्वी तो डोळे मिटायचा, आता टक लावून बघायचा. एवढा मोठा फरक, पण शर्यतवाल्यांच्या लक्षात आला नाही. त्यांना टायर दिसत होता, आकाराम कुठं दिसत होता?

गेल्या उन्हाळ्यात गारगोटीहून अनुजा देसाई त्याच्याकडे शिकायला आली. तेवीस वर्षांची, पहाटे डेअरीची दुधाची पिकअप चालवायची आणि दुपारी शर्यतीची गाडी. नवे टायर तिला परवडणारे नव्हते, म्हणून जुने मऊ करायचे होते. दोन महिने ती एस.टी.नं येत-जात राहिली. बोटं तिची फार चांगली होती. आकाराम टायर पुढं ढकलायचा आणि म्हणायचा, "आधी तू सांग."

"आलाय मामा. आता थांबायचं."

मग तो अंगठा लावल्यासारखं करायचा आणि मान डोलवायचा. मास्तर आपली परीक्षा घेतोय असं पोरीला वाटायचं. मास्तर तिच्या बोटांनी टायर बघत होता, हे तिला सांगणार कोण? तिला हातमोज्यांचा नियमही त्यानं सांगितला होता, आणि सांगताना त्याला स्वतःचा अभिमान वाटला होता. त्या वर्षात त्याला वाटलेलं ते बहुधा एवढंच.

दिवाळीच्या आधी एका शर्यतीत औषधावरून हाणामारी झाली. तेव्हा शर्यती भरवणाऱ्या विजयसिंह घाटग्यांनी दूध संस्थेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. जयसिंगपूरचे नेमिनाथशेठ, ज्यांचं टायरचं मोठं दुकान आहे, ते पहिले उठले. औषध म्हणजे उघड फसवणूक, त्यावर बंदी घाला म्हणाले.

"शेठ," बाळासो मिस्त्री म्हणाला, "तुमच्या दुकानातला भारी टायर कंपनीतनंच मऊ येतोय. कंपनीनं औषध घातलं की माल, आणि आम्ही घातलं की पाप व्हय?"

"कंपनीचा टायर सगळ्यांना सारखा मिळतो."

"पैसं असलेल्या सगळ्यांना."

हॉल हसला. मग कुणी म्हणालं, उरलेलं औषध ओढ्यात ओततात, म्हशी त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. कुणी म्हणालं, मऊ टायरनं गाडी पडायची कमी झाली, उलट जीव वाचतोय. दोन तास कालवा चालला. रबराचं झालं, म्हशींचं झालं, ओढ्याचं झालं. हातांचा विषय कुणी काढला नाही. आकाराम मागच्या खुर्चीत बसला होता, त्यानंही काढला नाही.

शेवटी बंदी ठरली. पण ओळखायचं कसं? नेमिनाथशेठनी टायरचा मऊपणा मोजायचं एक यंत्र आणलं होतं, त्याच्या तबकडीमुळं सगळे त्याला घड्याळच म्हणत. बाळासोनं ते एकाच टायरवर तीनदा टेकवलं, सावलीत, दारात, उन्हात. तीन वेळा तीन आकडे आले.

"घड्याळ कशाला पायजे?" विजयसिंह म्हणाले. "आपल्याकडं अंगठा हाय की."

सगळ्या माना मागं वळल्या.

"आजवर ह्यानंच औषध लावलं आणि आता हाच बघणार?" शेठ म्हणाले.

"म्हणूनच. ह्याच्यापासनं काय लपणार? काय आकाराम, जमंल?"

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. "जमंल की," तो म्हणाला. हे दोन शब्द सोपे होते म्हणून म्हणाला, दुसरं काही नाही. आणि त्या क्षणी सगळ्या जिल्ह्याच्या शर्यतीचा न्याय एका मेलेल्या अंगठ्यावर येऊन बसला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी वडगावच्या माळावर शर्यत भरली. सकाळी टँकरनं माती ओली केली. अक्काताईनं लावून दिलेल्या गुंड्यांचा इस्त्रीचा शर्ट घालून आकाराम एकतीस गाड्यांपुढून फिरला. टायरवर अंगठा आणि डोळे मालकाच्या तोंडावर. दोघांची नजर पडली, त्या दोघांना त्यानं बाद केलं, आणि दोघांनीही मुकाट्यानं कबूल केलं. माळभर त्याचं नाव झालं. अनुजाच्या गाडीपाशी तो जास्त थांबला नाही. पोरगी त्याच्याकडं सरळ बघत होती.

शेवटची शर्यत तीच जिंकली. नेमिनाथशेठचा पुतण्या वृषभ एका चाकानं मागं राहिला. तीन हजार माणसांनी डोक्यावरचे टॉवेल हवेत फिरवले. शेठ मंडपात आले, हातात पाण्याची बाटली, आवाज शांत.

"शेवटच्या वळणाला तिची गाडी मातीला शिवल्यागत गेली. मला टायर परत बघून पायजे."

मागणी नियमातली होती. गाडी मंडपासमोर आणली, इंजिन नुकतंच बंद केलेलं. आकाराम मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. तोल सावरायला डावा हात गाडीला लावला आणि उजवा अंगठा टायरवर दाबला. वण बघितला. दहा फेऱ्या मारून आलेला टायर, तापलेलं कुठलंही रबर मऊच असतं. वणावरून आता काही कळणार नव्हतं. तो तसाच बसून राहिला. लोकांना वाटलं, केवढ्या बारकाईनं बघतोय.

"चोख हाय," तो म्हणाला.

"काय जळतंय?" बाळासोनं नाक वर केलं.

मग अनुजा ओरडली, "मामा, हात!"

आकारामनं आधी उजवा हात बघितला. तिनं धावत येऊन डावा ओढला. तो सायलेन्सरवर होता. ओढताना तळव्याचं कातडं तिथंच चिकटून राहिलं.

आकाराम तळवा डोळ्यापुढं धरून बघत राहिला. भाजलेला हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा आणि याच्याकडं दाखवायला आणलेला असावा, असा. नेमिनाथशेठनी पुढं होऊन हातातली बाटली त्याच्या तळव्यावर रिकामी केली. मग ते विजयसिंहांकडे वळले. आवाजात राग नव्हता.

"ह्याला तापलेला सायलेन्सर कळंना. टायर काय कळणार?"

विजयसिंह आणि बाकीचे बाजूला जाऊन बोलू लागले. अनुजानं ओढणी ओली करून त्याच्या हाताला गुंडाळली.

"कधीपास्नं हाय हे?"

"झाली की तीन-चार वर्सं."

ती गुंडाळायची थांबली. "मग माझ्याकडनं म्हणवून घेत हुतासा, आधी तू सांग..."

"मला कळत नव्हतं. तुलाच कळत हुतं."

"सुरुवात कशानं झालती?"

"मुंग्या. सकाळच्या."

अनुजानं स्वतःची बोटं उघडली, मिटली, परत उघडली. "मला दिवाळीपास्नं येत्यात," ती हळूच म्हणाली. "बंदी झाली म्हणून सोडणार हुतो मामा. पर नव्या टायरचं काय जमंना. परवाबी लावलोय."

तेवढ्यात विजयसिंह परतले. हे झंझट त्यांना मिटवायचं होतं. "आकाराम, हात राहू दे. शेवटचं सांग, तू म्हणशील ते. टायर कसा हाय?"

चोख म्हटलं असतं तर पोरगी विजेत्याचा कप घेऊन गेली असती. सिद्ध करायला कुणाजवळ काही नव्हतं. आकाराम उठून उभा राहिला.

"औषधाचा हाय."

"आत्ता तर चोख म्हणलास."

"ते खोटं. मला तीन वर्सं कायच कळत न्हाय. आज एकतीस टायर बघितलं, त्यातला एकबी कळला न्हाय." त्यानं अनुजाकडं मान केली. "हिनं उघड्या हातानं लावलंय. तसं लावायला मीच शिकवलंय. आणि हिचीबी बोटं जायला लागल्यात."

माणसं आधी त्याच्याकडं बघत होती, आता आपापल्या हातांकडं बघू लागली. बाळासोनं दोन्ही हात खिशात घातले. कप वृषभला गेला, पण टॉवेल कुणी फिरवले नाहीत.

अनुजा रडली नाही. गाडी ढकलत न्यायच्या आधी ती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"तुम्हीच म्हणलतासा, मोजं घालू नको."

"म्हणलतो."

"सगळ्यांफुडं सांगायची काय गरज हुती?"

लाज वाटायला पाहिजे होती, वाईट वाटायला पाहिजे होतं. तो आत चाचपत राहिला, हाताला काही लागेना.

अनुजानं त्याचा उजवा अंगठा धरला आणि त्यात आपलं नख रुतवलं, टायरमध्ये रुतवतात तसं, पूर्ण जोर लावून. पांढरा वण उठला.

"कळतंय?"

"न्हाय."

तिनं तेच नख स्वतःच्या अंगठ्यात दाबलं. डोळे अर्धवट मिटले, पूर्वी तो मिटायचा तसे. आकाराम तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला. मंडपातले लोक खुर्च्या उचलायला लागले होते.

"तू सांग," तो म्हणाला.

"कळतंय." तिनं डोळे उघडले नाहीत. "पर पयल्यागत न्हाय."

आकारामला भीती वाटली. स्वतःच्या हातासाठी इतक्या वर्षांत एकदाही वाटली नव्हती ती.