एकवीस नंबरची जागा

मुखेडात कुणाला कुठे बसवायचं, याबाबत आमच्या मामांचा शब्द अखेरचा. मग ती बाजारातली भाजीवाली असो की इंटरनेटवरचा कॉम्प्युटर. मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ. आठवडी बाजारात जागा लावून देण्यात त्यांची हयात गेली आणि म्हातारपणी त्यांनी आमच्या गल्लीत घरोघर नेटच्या वायरी ओढल्या. आपलं काम बदललंय असं त्यांना कधी वाटलंच नाही. गल्लीच्या नेटवर प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता लागतो, आणि एक पत्ता एकालाच. हे पत्ते वाटणारं यंत्र असतं, आपोआप वाटतं, असं मी त्यांना एकदा सांगायला गेलो. "आपोआप? म्हंजी आज हितं, उद्या तितं? कॉम्प्युटर हाय का मोकाट जनावर?" त्यांनी ती सोय बंदच करून टाकली. मग चष्मा पुसत घरोघर जायचे, स्वतः पत्ता घालायचे आणि आकड्याची चिठ्ठी पडद्याच्या कोपऱ्यात चिकटवायचे. चहात साखर कमी पडली तर शेवटचा आकडा घालताना नेमका चष्मा सापडत नसे. बाजारात पहिली जागा धरून बसणाऱ्या बांगडीवालीला इथेही त्यांनी पहिलाच आकडा दिला.

मी आणि दादा शेजारी राहत होतो, पण वाटण्या होऊन मधे भिंत पडल्यापासून चार वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. मामांनी आम्हा दोघांना एकच आकडा दिला, एकवीस. दादाने कॉम्प्युटर लावला की माझं नेट जायचं, मी लावला की त्याचं. मी तणतणत गेलो, "मामा, तुमचं चुकलंय!" मामा शांतपणे सुपारी कातरत होते. "एका घराला एक जागा. दोन चुली तुमी केल्या, म्या न्हाई." त्यांच्यापुढे डोकं आपटून उपयोग नव्हता.

मग माझ्या मुलीच्या कॉलेज प्रवेशाचा शेवटचा दिवस आला. अर्ज अर्धा भरला आणि नेट गेलं. पोरगी रडकुंडीला आली. मी मान खाली घालून फोन लावला. "दादा, जरा बंद कर ना. पोरीचा फॉर्म अर्धा राहिलाय." पलीकडे बटण दाबल्याचा खटका ऐकू आला. मग दादा म्हणाला, "केला बंद. तुला जमंना का? थांब, मीच येतो." चार वर्षांनी दादाची चप्पल माझ्या दारात निघाली. अर्ज वेळेत गेला, आणि मला रडू आलं, हे कबूल करायला लाज कसली?

मामा गेले. नंतर गल्लीत नवं यंत्र आलं. आता पत्ते आपोआप मिळतात, कुणी कुणाला अडवत नाही. माझ्या पडद्यावरची एकवीसची चिठ्ठी मात्र मी काढलेली नाही. रोज सकाळी कॉम्प्युटरपुढे बसलो की मामांची फार आठवण येते, आणि मी भिंतीपलीकडे हाक देतो, "दादा, लावू का?" दादाचा कॉम्प्युटर बिघडून वर्ष झालं. तरी तो बंद करायला लागतो तेवढा वेळ घेतो आणि म्हणतो, "हां, लाव आता."